दोन सीटची गाडी

गाडी शिकवणाऱ्या बाईला गाडी चालवायला मिळत नाही, हे सांगूनही लोकांना पटत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी गाडीतच असते, पण शेजारच्या सीटवर. माझ्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला आहे. ॲक्सिलरेटर नाही. म्हणजे गाडी थांबवायचं काम माझं आणि पळवायचं दुसऱ्याचं. लग्नाच्या आधीपासून माझं हेच चाललंय. विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला ‘ब्रेकबाई’ म्हणतात आणि मला ते ठाऊक नाही अशी त्यांची समजूत आहे.

लेकीचं शिक्षण संपलं, ती नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेली, आणि त्याच महिन्यात मी घरात जाहीर केलं की मी गाडी घेणार. स्वतःसाठी. दोन सीटची, छत उघडणारी, पळणारी.

नवऱ्याने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. “तब्येत बरी आहे ना तुझी?”

“नवीन परवडणार नाही, वापरलेली घेईन,” मी म्हटलं.

“कुणी वापरलेली?” सासूबाईंनी विचारलं. कुणाचे तरी जुने कपडे घरात येणार असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

नवऱ्याची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो उगाच खलनायक वाटेल. तो विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, काय मोडलंय, कशामुळे मोडलंय ते ठरवायचं, हे त्याचं रोजचं काम. संध्याकाळी घरी आला की आधी कोपरापर्यंत हात धुतो, मग बोलतो. काही दिवस हात धुऊनही जेवणापर्यंत बोलत नाही. अशा दिवशी मी काही विचारत नाही. त्याला स्वतःला गाडी येते, मीच शिकवली आहे, आमची ओळखच तशी झाली. पण हल्ली तो चालवायचं टाळतो आणि चालवलीच तर मागून सायकलवाले घंटी वाजवतात.

असा माणूस माझ्यासोबत गाडी बघायला आला, तो मला आडवं यायलाच, हे मी ओळखून होते.

गाडी एका निवृत्त डॉक्टरांची होती. कानाचे डॉक्टर. त्यांच्या गॅरेजचं दार वर गेलं आणि ती दिसली. गडद निळी, बसकी, नाक जमिनीला लागेल इतकं खाली. बघताक्षणी मी तिच्या प्रेमात पडले. एवढं वय झाल्यावर असं काही होतं हे मला माहीतच नव्हतं. तरी चेहरा कोरा ठेवून मी आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. विकणारा लबाड असला तर आधीच इंजिन गरम करून ठेवतो, म्हणजे थंड इंजिन सुरू होतानाची रड ऐकू येत नाही. मग ऑइलचं झाकण उघडलं, टायरवरचं साल वाचलं, गालिचा उचलून खाली गंज आहे का पाहिलं.

“विकताय कशाला?” मी विचारलं.

“आत बसता येतं अजून,” डॉक्टर गुडघे चोळत म्हणाले, “बाहेर येता येत नाही. गेल्या वेळी बायकोला आणि शेजाऱ्याला मिळून ओढावं लागलं.”

तोवर माझा नवरा टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झाला होता. दारांच्या फटी त्याने बोटाने मोजल्या, चाकांच्या आतल्या बाजूला हात घातला, डिकीतलं कापड उचलून पत्र्याचे जोड बघितले. मी श्वास रोखून उभी. त्याने नुसतं ‘ठोकलेली आहे’ म्हटलं असतं की विषय संपला असता. त्याच्या शब्दापुढे मला बोलता आलं नसतं. तो उठला, पँट झटकली आणि आंबट तोंडाने म्हणाला, “कुठेही लागलेली नाही. सगळा पत्रा मूळचा आहे.”

त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. आणि रागही आला, कारण एवढी चांगली बातमी त्याने दुखवट्याच्या आवाजात दिली.

किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, “हिला अधूनमधून चांगली पळवा बरं का. नुसती मिरवू नका.” म्हाताऱ्या माणसाची खुमखुमी म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

घरी परतताना नवरा बसने आला. त्या गाडीत बसायला त्याने साफ नकार दिला. रात्री जेवताना मात्र त्याने अट घातली. “वर्षाने धुराच्या तपासणीला न्यावी लागेल. एका झटक्यात पास झाली तर या गाडीबद्दल मी जन्मात चकार शब्द काढणार नाही. नापास झाली तर विकायची. आमच्या साहेबांचा मेहुणा अशीच गाडी शोधतोय. मग रडारड चालणार नाही.”

“कबूल,” मी म्हटलं. आमच्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाड्यांची देखभाल मीच बघते. एकही कधी तपासणीत अडकली नव्हती. मला वाटलं, बाजी मारली.

पुढचं वर्षभर मी त्या गाडीला तळहातावर जपलं. धुवायला दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची, म्हणजे फडक्यातली माती पुन्हा रंगावर घासली जात नाही. छताच्या रबरांना पावडर. वेळेआधी ऑइल. पाऊस दिसला की कव्हर. सासूबाई एकदा कौतुकाने बघायला आल्या, दार उघडून आत वाकल्या आणि म्हणाल्या, “अगं, यात बसायचं की निजायचं?” पण त्यांनीही नंतर शेजारणीला बोलावून गाडी दाखवली, हे मी खिडकीतून पाहिलंय.

आणि चालवली कशी? जशी शिकवते तशी. शाळेत जाताना आणि येताना, गल्लीबोळातून, हलक्या पायाने. इंजिनाचा आवाज जरा चढला की वरचा गिअर. ‘इंजिन ओरडायला लागलं म्हणजे तुमचं चुकतंय’ हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की ते माझ्या हाडात मुरलंय. गाडीला त्रास नको, एवढंच माझ्या मनात. मला वाटायचं याहून प्रेमळ मालकीण तिला मिळणार नाही.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात ती खोकायला लागली. सिग्नलला उभी असताना थरथरायची, निघताना गचके द्यायची. मागच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून नाक दाबल्याची खूण केली. आरशात पाहिलं तर काळा धूर. मी प्लग बदलले, हवेची जाळी बदलली, जे मला येत होतं ते सगळं केलं. धूर तसाच. घरी मी काही बोलले नाही, पण नवऱ्याला वास आलाच. गाडीपाशी उभा राहून त्याने एकदा नाकाने हवा ओढली आणि आत निघून गेला. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

शुक्रवारी गाडी मिस्त्रीकडे नेली. तपासणी सोमवारी. हा मिस्त्री आमच्या शाळेच्याही गाड्या बघतो, म्हणून माझ्याशी मोकळेपणाने बोलतो. त्याने मी बदललेले नवे प्लग काढले. चार दिवसांत काळेकुट्ट झाले होते.

“बाई, आत काजळी साचलीय,” तो म्हणाला. “तुम्ही हिचं इंजिन कितीपर्यंत नेता?”

मी सांगितलं.

“कधीच त्याच्या वर नाही?”

“कशाला न्यायचं? इंजिन खराब होतं.”

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. “शाळेच्या गाडीला ठीक आहे ते. हे इंजिन तापून मोकळं पळायला बनवलंय. तुम्ही त्याला वर्षभर कुजबुजत ठेवलंत. आता उघडून साफ करायचं तर आठवडा जाईल.”

“सोमवारी तपासणी आहे.”

“मग एकच. मोकळ्या रस्त्याला काढा आणि खालच्या गिअरमध्ये दाबून चालवा. वेग मर्यादेतच ठेवा, जास्त वेगाची गरज नाही. आरपीएमचा काटा, इंजिनाचे फेरे दाखवतो तो, वर पाहिजे, लाल पट्टीच्या जवळ, आणि बराच वेळ तिथे राहिला पाहिजे. काजळी जळून बाहेर पडेल. आधी जास्त धूर येईल, मग कमी होईल.” त्याने हात पुसले. “तुम्हाला जमत नसेल तर द्या किल्ली. मी एक फेरी मारून आणतो. तुम्ही शेजारी बसा.”

शेजारी बसा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी गाडी दुसऱ्याने पळवायची आणि मी शेजारी बसायचं, ते मी रोजच करते, त्यासाठी मला गाडी घ्यायची गरज नव्हती. “मीच चालवीन,” मी म्हटलं आणि किल्ली त्याच्या हाताखालून उचलली.

शनिवारी शिकवणी संपवून एकटीच निघाले. गोदामं संपली की पुढे लांब सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये दुभाजक, वर्दळ नावालाच. इंजिन गरम झालं. तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. काटा चढायला लागला, आवाज चढला, सीट पाठीला टेकून थरथरली, आणि माझा पाय उचलला गेला. मी उचलला नाही, उचलला गेला. पुन्हा दाबला. पुन्हा आवाज चढला, पुन्हा पाय वर. माझाच पाय आणि मलाच दाद देईना. डावा पाय तर मध्येच शिकवणीच्या गाडीतल्या, इथे नसलेल्या जादा ब्रेकवर आपटत होता. सरळ भाग संपेपर्यंत गेले, वळून परत आले, काटा काही अर्ध्याच्या वर टिकला नाही. मी गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या मांडीवर एक चापट मारली. चांगली जोरात मारली. काही उपयोग झाला नाही.

मला भीती वाटत होती का? थोडी. पण त्याहून जास्त लाज वाटली. आयुष्यभर ज्यांना ‘पाय घट्ट ठेवा, मी आहे’ म्हणून रस्त्यावर काढलं, त्यातले घाबरट म्हणावेत असेसुद्धा आज कुठल्या कुठे गाड्या घेऊन फिरतात. आणि मी इथे. ही गाडी गेली तर मी पुन्हा दुसरी घेणार नाही हे मला पक्कं कळत होतं. मग उरलेलं सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर. ते मला नको होतं, काही झालं तरी नको होतं.

अशा विद्यार्थ्याचं काय करायचं ते मला माहीत होतं. त्याच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं आणि शांत आवाजात सांगावं लागतं. आता माझ्या शेजारी कोण बसणार? शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं असतं तर ब्रेकबाईची कथा सोमवारपर्यंत गावभर झाली असती. लेक लांब. राहता राहिला एकच माणूस, आणि त्याला तर गाडी जायलाच हवी होती.

रविवारी सकाळी चहा देताना मी विषय काढला. “अहो, आज माझ्याबरोबर गाडीत याल का?”

“मी? त्या गाडीत?”

“तुम्ही काही करायचं नाही. मी सांगेन तिथे फक्त ‘दाब’ म्हणायचं. आणि माझा पाय उचलला जातोय असं वाटलं की पुन्हा ‘दाब’ म्हणायचं.” मग मिस्त्री काय म्हणाला तेही सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

“आणि मी नाही आलो तर?”

“तर उद्या गाडी तुमच्या साहेबांच्या मेहुण्याची.”

तो कपात बघत बसला. सासूबाई वर्तमानपत्रामागून म्हणाल्या, “जा रे. बायको जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकायला तयार झालीय आणि तू विचार कसला करतोस?”

तो आला. एक पाय आत, मग डोकं, मग उरलेला नवरा, असा टप्प्याटप्प्याने आत बसला. पट्टा लावला, ओढून पाहिला, सोडवून पुन्हा लावला. गोदामं मागे पडली.

सरळ रस्ता आला. “आता,” मी म्हटलं आणि पाय दाबला. आवाज चढला. मी त्याच्या शब्दाची वाट पाहिली. शब्द आला नाही, पाय वर आला. पुन्हा दाबला. त्याने तोंड उघडलेलं मला कडेने दिसलं, पण आवाज फुटला नाही. दोन्ही हातांनी त्याने सीटची कड धरली होती. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर मी गाडी कडेला घेऊन बंद केली.

“झालं ना समाधान?” मी म्हटलं. “गप्प बसलात की तुमचं काम होतंय. उद्या विका.”

“तसं नाहीये.”

“मग कसं आहे?”

त्याने सीटची कड सोडली. “मी गाड्या बघायला जातो तेव्हा माणसं नसतात,” तो म्हणाला. “त्यांना आधीच नेलेलं असतं. पण सीट असते. सीटवर डबा असतो, एखादी चप्पल असते. मला प्रत्येक वेळी वाटतं, हा माणूस सकाळी घरून हसत निघाला असेल. आणि तू या गाडीत बसतेस ना, तेव्हा इतकी खूश दिसतेस, मला बघवत नाही. एवढी खूश तू घरात कधी नसतेस. तू निघालीस की येईपर्यंत मी खिडकीशी असतो, तुला माहीत नाही.”

मला खरंच माहीत नव्हतं. माझा सगळा राग एकदम ओसरला आणि त्या जागी काय आलं ते सांगता येत नाही, पण रडू आलं एवढं खरं. मी डोळे पुसले. गाडीबद्दलचा माझा हट्ट मात्र तसूभरही कमी झाला नव्हता, आणि ते त्याला सांगायलाच हवं होतं.

“मला मरायचं नाहीये हो,” मी म्हटलं. “पण मला ही गाडी हवीय. मला स्वतः चालवायचंय, आणि तुम्हाला घाबरायला होतं म्हणून मी ते सोडणार नाही. तुम्ही नाही बोललात तर मी एकटी प्रयत्न करीन, अंधार पडेपर्यंत करीन.”

त्याने मान हलवली. मग दार उघडून मोठ्या कष्टाने बाहेर पडला. मला वाटलं, चालत घरी निघाला. पण तो चारही टायरांशी वाकला, तळवा दाबून पाहिला, गाडीखाली डोकावला, पुढे जाऊन रस्त्यावर काही पडलंय का ते हाताची सावली करून बघून आला. परत येऊन आत बसला आणि पट्टा एकदाच लावला.

“रस्त्याची मर्यादा किती?” त्याने विचारलं. मी सांगितली. “काटा कुठपर्यंत न्यायचा?” मी बोट ठेवून दाखवलं. “आणि तो तिथे असताना वेग मर्यादेच्या खाली राहील?”

“खालच्या गिअरमध्ये राहील.”

“मग चल.”

मी निघाले. दुसऱ्या गिअरवर गाडी घेतली.

“दाब,” तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण होता. “दाब. अजून. पाय उचलतेयस, नको उचलू.” इंजिन ओरडायला लागलं. मागे धुराचा असा लोट उठला की आरशातून रस्ता दिसेना. “दाब, मी बघतोय मागे, कुणी नाहीये. पुढे कुणी नाहीये. पाय तिथेच ठेव.” माझ्या पोटरीत गोळा आला, दात एकमेकांवर घासत होते, आणि पाय तिथेच होता. काटा लाल पट्टीच्या अलीकडे उभा राहिला आणि हलला नाही. सरळ भागाच्या टोकाला वळलो, परत आलो, पुन्हा वळलो. तो न थांबता बोलत होता, एकच शब्द, कधी चिडून, कधी समजावून. कुठल्याशा फेरीला गचके थांबले. आवाज फाटका होता तो भरीव झाला, आणि गाडी पहिल्यांदाच मला पाठीत हात घालून पुढे नेतेय असं वाटलं. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले कुणास ठाऊक.

“धूर पातळ झालाय,” नवरा मान वळवून म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “आता नाहीच आहे.”

सोमवारी तपासणी केंद्रातल्या माणसाने धुराच्या नळीत यंत्राची दांडी घातली, आकडे बघितले आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली. पास. पण ते उद्याचं झालं. रविवारी त्या रस्त्यावरच आम्हा दोघांना कळून चुकलं होतं की गाडी आता कुठे जात नाही. साहेबांच्या मेहुण्याला दुसरीकडे बघावं लागणार होतं. काम झालं होतं आणि घराकडे जाणारं वळण समोर आलं होतं. मी नेहमीप्रमाणे पाय सैल केला आणि वळायचा दिवा लावायला हात पुढे केला.

“कुणी सांगितलं पाय काढायला?” नवरा म्हणाला. “रस्ता पुढेही आहे.”